काचेची पाठ

कापसाचा बोळा राखाडी झाला तेव्हा भिंगीला आधी आनंदच झाला. इतक्या वर्षांचा मळ निघतोय म्हटल्यावर कुणाला होणार नाही? तिने दुसरा बोळा घेतला, पाण्यात स्पिरिट मिसळून केलेल्या द्रवात बुडवून पिळला आणि काचेच्या पाठीवरून हलक्या हाताने गोल गोल फिरवला. तोही राखाडी झाला, कडेला जरासा तांबूस. काच ज्या पेटीतून आली तिचा गंज असेल, असं म्हणून तिने तो डब्यात टाकला आणि तिसरा घेतला.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एका बाजूवर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा लेप असतो. त्याला ओला हात लागला की खेळ खलास. दुसरी बाजू, म्हणजे पाठ, नुसती काच असते. खिडकीची तावदानं पुसावीत तशी ती पुसली तरी काही बिघडत नाही. हे भिंगी शिकली होती, तिने वाचलं होतं आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती ठासून सांगत होती.

ती रसायनशास्त्राची पदवीधर. गळ्यात सदानकदा भिंग लटकत असे, म्हणून संग्रहात तिचं नाव भिंगी पडलं. संग्रह म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. घरोघरी जाऊन लोकांच्या ट्रंकांमधले जुने फोटो, रोजनिश्या, आठवणींचे हाताने लिहिलेले कागद मागून आणायचे, त्यांची चित्रं टिपायची आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत करायची, एवढंच तिथलं काम. राजेराजवाड्यांची काळजी घ्यायला मोठी संग्रहालयं आहेत, आपण गल्लीबोळांची घेऊ, असं बाई म्हणायच्या. बाई म्हणजे संग्रहाच्या प्रमुख. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, पण अजूनही समोरच्याने वही उघडली आहे ना हे बघूनच बोलायला सुरुवात करणाऱ्या.

आजची काच परक्या कुणाची नव्हती. ती भिंगीच्या मोठ्या काकांनी दिली होती, आणि देताना त्यांचा जीव अगदी अर्धा झाला होता.

नदीकाठी एके काळी दोर वळणाऱ्यांची गल्ली होती. दोर वळायला लांबी लागते, म्हणून ती गल्ली बाणासारखी सरळ. एका टोकाला मोठं लाकडी चाक, त्याला आकडे, आकड्यांतून निघालेले पेड पार दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेले. चाक फिरेल तसा पेडांना पीळ बसायचा. पुढे पूल झाला, रस्ता रुंद झाला, गल्ली उठली आणि माणसं पांगली. आता तिथे गाड्या उभ्या करतात. गल्लीच्या दोनच खुणा उरल्या होत्या आणि दोन्ही काकांच्या ट्रंकेत होत्या. एक म्हणजे काचेच्या निगेटिव्हची पेटी. दुसरी म्हणजे गल्लीच्या मुकादमाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले कागद. कोणत्या घरात कोण राहायचं, कुणाच्या हाताला कसला दोर चांगला उतरायचा, कोण कुणाशी बोलत नसे, सगळं. मुकादमाची सून गाव सोडताना तो गठ्ठा काकांच्या हवाली करून गेली होती.

पेटीतल्या सगळ्यात मोठ्या काचेवर अख्खी गल्ली होती. अलीकडे चाक, आणि चाकाशी उभे भिंगीचे आजोबा. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत. आबा गेले तेव्हा काका जेमतेम चालायला लागले होते आणि भिंगीचे बाबा अजून आईच्या पोटात होते. त्या फोटोची एक प्रत भिंतीवर असायची. ती ओलीने खाल्ली. पुढे फोटोवाल्याने दुकान बंद केलं तेव्हा काकांनी त्याच्या पायऱ्या झिजवून ही पेटी मिळवली. आबांचा दुसरा फोटो जगात कुठेही नव्हता.

"आधी हा एक फोटो करून दाखवा," काका बाईंना म्हणाले होते. जमीनमोजणी खात्यात नोकरी झालेली, त्यामुळे त्यांचं बोलणंही साखळी टाकून मोजल्यासारखं. "तुमचे हात कसे आहेत ते बघतो. पसंत पडलं तर मुकादमाचे कागद. नाहीतर राम राम."

गल्लीतल्या इतर घरांचं लक्ष काकांकडे होतं. काका देतात का ते बघून ती देणार होती. बाईंनी भिंगीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डोळ्यांत तेल घालून कर गं. ही एक काच नाही, ती गल्ली आहे."

म्हणूनच तर ती इतकी घासूनपुसून करत होती.

काच सुकल्यावर तिने ती फ्लॅशकडे नेली. फ्लॅश हा संग्रहाचा कॅमेरावाला. क्षणात येतो, क्षणात गायब होतो, म्हणून फ्लॅश. त्याने काच स्कॅनरवर ठेवली, पडद्यावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं आणि शीळ घातली.

"काय झकास आलंय! ह्या माणसाची मिशी बघ. पण भिंगे, चाकाशी हे कोण? भूत?"

भिंगीने मान पुढे केली. गल्लीतली माणसं नखशिखान्त स्पष्ट होती. चाकाशी मात्र एका माणसात दोन-तीन माणसं मिसळल्यासारखं दिसत होतं. खांद्यांच्या वर, जिथे चेहरा असायला हवा, तिथे धुराचा एक फिकट पट्टा. कान असावा असं काहीतरी दोन ठिकाणी.

"फोकस नीट लाव."

"फोकस चोख आहे. शेजारच्याच्या मिशीचे केस मोजून दाखवू?"

"तिथे चेहरा आहे. काका म्हणतात भुवईसुद्धा मोजून घ्यावी इतका स्वच्छ आहे. बाबांनीही पाहिलाय, लहानपणी."

"मग गेला कुठे?"

हा प्रश्न फ्लॅशने सहज विचारला. भिंगी तडक आपल्या टेबलाशी परतली. पेटीतली दुसरी, अजून हात न लावलेली एक लहान काच तिने उचलली आणि खिडकीपाशी तिरकी धरली. पाठीचा बहुतेक भाग चकचकीत होता. पण जिथे एका बाईचा गाल होता तिथे नखाएवढा भाग निस्तेज, दुधाळ दिसत होता. भिंगातून बघितल्यावर त्यात पेन्सिलच्या बारीक रेघा दिसल्या. स्वल्पविरामांसारख्या, एकाशेजारी एक, शेकडो. त्यांच्यावरून तांबड्या रंगाचा पातळ हात फिरवलेला.

"टचिंग," तिच्या खांद्यावरून फ्लॅश म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नव्हतं. "डाग, सुरकुत्या घालवायला जुने फोटोवाले करायचे. माझ्या मामांचा स्टुडिओ होता ना. पण मामा लेपाच्या बाजूला करायचे. हा पठ्ठ्या पाठीला वार्निश लावून त्यावर करतोय. मोठं काम असेल तर सोपं पडत असेल. चुकलं तर पुसून पुन्हा..." आणि तो बोलता बोलता थांबला.

वार्निश स्पिरिटमध्ये विरघळतं. तांबडा रंग पाण्यात. भिंगीला हे पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

तिने टेबलाखालचा डबा पुढे ओढला. बोळे त्यातच होते, राखाडी आणि तांबूस. ती डब्यात बघत राहिली. आबांचा चेहरा त्या डब्यात होता.

"आधीचा स्कॅन?" फ्लॅशने हळूच विचारलं.

"नाहीये."

"बाईंचा नियम आहे ना, जसं आलं तसं आधी टिपायचं?"

नियम होता, आणि तो भिंगीनेच बदलून घेतला होता. मळकी काच एकदा टिपा, मग पुसा, मग पुन्हा टिपा. दुप्पट काम, दुप्पट जागा. तिने कागदावर आकडे मांडून दाखवले होते. बाईंनी चष्म्याच्या वरून ते बघितले आणि म्हटलं होतं, "बरं बाई. तू शास्त्राची, तुला कळतं." त्या वेळी ते ऐकून तिला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं होतं. आता तेच वाक्य कानात घोंघावत होतं.

काका परवा येणार होते.

"हे बघ," फ्लॅश म्हणाला, "हातपाय गाळू नकोस. तुझ्याकडे काकांचे तरुणपणीचे फोटो असतील. बाबांचे असतील. दे मला. दुपारपर्यंत असा चेहरा बसवतो की आबा स्वतः आले तर नमस्कार करतील."

"वेड लागलंय तुला?"

"त्या फोटोवाल्याने तरी काय केलं? चेहरा उमटलाच नव्हता, म्हणून बसून काढला. त्याने पेन्सिलीने काढला, मी माऊसने काढतो."

"नको."

"फोटो तर दे. वापरायचं की नाही ते मग ठरव."

तिने नको म्हटलं, आणि थोड्या वेळाने फोनवरून फोटो पाठवले. का पाठवले ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी आली तर बाबा भिंतीवर खिळा ठोकत होते. जागा त्यांनी आठवड्यापूर्वीच ठरवली होती, दिवाणखान्यात, दारातून शिरताक्षणी दिसेल अशी.

"आलीस? झाला का फोटो?"

"चालू आहे."

"तुझे काका सांगतात, आबा चाकाला रेलून उभे आहेत. पाहुण्यासारखे! सगळी गल्ली राबतेय आणि हे आपले आरामात." बाबा हसले. "माझी आई त्यावरून चिडवायची म्हणे फोटोला. मला धड आठवत नाही. प्रत खराब झाली तेव्हा शाळेत होतो मी. नाक तेवढं आठवतं. आमचं नाक तिथूनच आलंय."

"ते माझ्या लेकीला आलं नाही ते बरंच झालं," आई आतून म्हणाली.

"चेष्टा करू नकोस. साठी उलटली माझी, आणि आता कुठे बापाला बघणार आहे मी."

भिंगीने पाणी पिण्याचं निमित्त काढून तोंड फिरवलं. जेवायला बसली आणि अर्धं ताट तसंच सोडून उठली. "प्रकृती बरी आहे ना गं?" आईने विचारलं. "डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. पडद्यावर धुराचा पट्टा होता. तिने तो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. काहीतरी सापडेल, एखादी रेघ उरली असेल, म्हणून कोपरान् कोपरा चाळला. रेघ काही सापडली नाही. एक विचित्र गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. पण त्या गोष्टीने चेहरा परत येणार नव्हता, म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा फ्लॅशच्या खुर्चीमागे बाई उभ्या होत्या.

"वा!" बाई म्हणत होत्या. "काय सुंदर आलाय गं! मला मेलीला रात्रभर धास्ती. ये, ये, बघ."

पडद्यावर गल्ली होती, चाक होतं, आणि चाकाशी एक देखणा तरुण गालात हसत उभा होता. ठसठशीत नाक, रुंद कपाळ. सावली बरोबर बाजूला होती. काचेचा खरखरीत दाणासुद्धा फ्लॅशने त्या चेहऱ्यावर बेमालूम पसरला होता. त्याने भिंगीकडे बघून खांदे उडवले. मी काही बोललो नाही, तू काय ते ठरव, असं त्याचा चेहरा सांगत होता.

भिंगीने पडद्याकडे पाहिलं. हा चेहरा खोटा. पण पुसला गेला तोही कुणीतरी काढलेलाच होता. मग एका खोट्याच्या जागी दुसरं खोटं आलं तर फरक काय पडला? तिने हा तर्क उलटसुलट तपासून पाहिला. त्यात चूक सापडत नव्हती, पण तो पटतही नव्हता. बाईंना बाजूला घेऊन आधी सांगावं, मग काय ते त्या ठरवतील, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

"बाई, आहात का? एक दिवस आधीच आलो. घरात बसवेना."

काका दारात उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडात बांधलेला गठ्ठा. बाई "या, या" म्हणत पुढे झाल्या, फ्लॅश खुर्ची सोडून उठला, आणि काकांची नजर थेट पडद्यावर गेली.

ते चालत जवळ आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हेच," ते म्हणाले. "हेच आबा." आणि त्यांनी हात जोडले.

काकांनी डोळे टिपले आणि काखेतला गठ्ठा अलगद टेबलावर ठेवला. "घ्या बाई. मुकादमाचे कागद. मी म्हटलं होतं, हात बघून देईन. बघितले." मग भिंगीकडे वळून म्हणाले, "शाब्बास गं. घराण्याचं नाव काढलंस."

बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळलेला भिंगीने कधी पाहिला नव्हता. आता गप्प बसायचं, एवढंच तिला करायचं होतं. त्याला काहीच लागणार नव्हतं. गल्ली वाचणार होती, बाबांच्या खिळ्यावर फोटो लागणार होता, आणि फ्लॅश तर कुणाला सांगणाऱ्यातला नव्हताच.

"काका," ती म्हणाली, "हे आबा नाहीत."

"काय?"

"हा चेहरा काल ह्याने कॉम्प्युटरवर केलाय. तुमच्या लग्नातल्या फोटोवरून. काचेवर जो चेहरा होता तो... तो फोटोवाल्याने पाठीवर पेन्सिलीने काढलेला होता. साफ करताना माझ्या हातून पुसला गेला."

"पुसला गेला, की पुसलास?"

"पुसला."

काका पडद्याकडे बघत होते.

"म्हणजे आत्ता मी हात जोडले ते मलाच?"

"कान तुमचे आहेत," फ्लॅश चाचरत म्हणाला. "नाक हिच्या बाबांचं..."

"तू गप रे!"

काकांनी गठ्ठा उचलला. बाईंचा हात अजून त्यावर होता. तो त्यांनी हळूच बाजूला केला. "बाई, तुमच्यावर राग नाही माझा. घरची मुलगी आहे म्हणून दिलं होतं. परक्याकडे दिलं असतं तर निदान दहा वेळा बजावलं तरी असतं."

"अहो, बसा तरी. आपण बोलू. तिची चूक आहे, मोठी आहे, पण ती लपवली नाही तिने."

"लपवली असती तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलंय मला. आता काय घेऊन जाऊ घरी?" ते दाराकडे वळले.

"काका, चाक थांबलेलं आहे," भिंगी म्हणाली.

"काय?"

"काचेतल्या खऱ्या चित्रात. चाकाचे आरे जवळजवळ स्पष्ट आहेत. म्हणजे चाक फिरत नव्हतं. मग माणूस एवढा का हलला? बाकी सगळे पुतळ्यासारखे उभे आहेत. मला ते कळत नाहीये. काल संध्याकाळपासून कळत नाहीये."

काका उंबऱ्यावर थांबले. चुकलेलं माप तसंच टाकून जाणं त्यांच्याच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. गठ्ठा काखेतच ठेवून ते परत आले. "दाखव."

फ्लॅशने लगबगीने दुसरं चित्र लावलं. देखणा तरुण गेला आणि धुराचा पट्टा आला. काकांनी मान मागे घेतली, बघवलं नाही म्हणून. मग पुन्हा पुढे केली.

"हे काय? इथे?"

"कोपर. दोनदा उमटलंय. आणि खांदा बघा, तोही दोन जागी आहे. रेलून उभं राहणाऱ्याचा खांदा असा वर नसतो."

"पेड ताणलेत का बघ."

ती गल्लीभर चित्र सरकवत गेली. "काठीसारखे सरळ आहेत."

"मग दोर भरलेला होता." काका पडद्याशी बोलत होते. "मुकादमांकडे सुट्टीत फिरवलंय मी चाक. पीळ पुरता भरला की चाक उलटं जायला बघतं. जनावर दावणीला ओढ देतं तसं. थांबायचं असेल तर चौकटीत खुंटी घालतात. खुंटी कुठेय?"

चाकाच्या चौकटीपाशी भिंगीने चित्र थांबवलं. खुंटीचं भोक रिकामं होतं. खुंटी तिच्या सुतळीला खाली लोंबत होती.

"घातलीच नाही," ती म्हणाली.

"वेळ दिला नसेल. ऐन पीळ भरला आणि तो फोटोवाला ओरडला असेल, हलू नका म्हणून." काकांनी काठी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हात नकळत पुढे धरले, मुठी वळून. "बाकीच्यांना काय, उभं राहायचं. ह्यांनी मूठ सोडली असती तर सगळा पीळ उसळून एखाद्याच्या थोबाडावर बसला असता. धरून ठेवलंय अंगाने. थरथरणार नाही तर काय होणार?"

भिंगीने त्यांच्या मुठींकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आणि त्या गाढवाने खांदे-कोपरंही गिरवून त्यांना रेलून उभं केलं," काका म्हणाले. "हसवलं वर."

त्यांनी खिशातून फोन काढला. भिंगीला कळलं, बाबांना लावताहेत.

"हां, मी बोलतोय. संग्रहात ये. आत्ता. ... नाही, चेहरा नाही दिसत. पोरीने घोळ घातलाय, ते ये तू मग सांगतो. ... अरे, चेहरा नाही दिसत म्हटलं ना! आबा हलतायत. ये तू."

फोन खिशात ठेवून ते खुर्चीत बसले. भिंगीला वाटलं, निभावलं. तिने सुटकेचा श्वास घेतला, तो काकांनी बघितला.

"फुशारून जाऊ नकोस. पुसलंस ते पुसलंसच. चेहरा खोटा असेल, पण आई रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलायची. वर्षानुवर्षं. तो चेहरा तिच्या बोलण्याने खरा झाला होता. तो आता नाही, आणि हा धूर त्याच्या जागी बसत नाही."

"हो," भिंगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायची हिंमत तिला होईना.

"कागद घे. लिही. ह्या फोटोखाली लावायचं. 'चाकाशी उभ्या माणसाने पीळ हाताने धरून ठेवल्यामुळे तो हलला व चेहरा उमटला नाही. फोटोवाल्याने काचेच्या पाठीवर चेहरा काढला होता.' लिहिलंस?"

"लिहिलं. 'तो संग्रहात साफसफाई करताना'..."

"'पुसण्यात आला' वगैरे नको. आमच्या खात्यात असंच लिहायचे, बांध कुणी सरकवला ते कळू नये म्हणून. कुणी पुसला?"

तिने लिहिलं: त्यांच्या नातीने पुसला.

"अहो पण," बाई कळवळून म्हणाल्या, "संग्रहाच्या भिंतीवर असं लावलं तर आमची शोभा होईल. बाकीची घरं आम्हाला दारात उभं करणार नाहीत."

"करणार नाहीत कदाचित. पण न लावता त्यांना नंतर कळलं तर?" काकांनी बाईंकडे बघितलं. "मी अजून बसलोय ना इथे?"

फ्लॅशने घसा साफ केला. "काका, ती दुसरी फाईल... उडवून टाकू?"

"उडव. थांब. आधी मला पाठव. तुमच्या काकूला दाखवतो. लग्नात इतका बरा दिसत नव्हतो मी."

फ्लॅश हसला, भिंगीला हसता आलं नाही. बाबा वाटेत असतील. ते जिना चढून येतील आणि पहिल्यांदा नाक शोधतील. ते तिलाच सांगावं लागणार होतं, आणि काकांना सांगण्यापेक्षा ते अवघड होतं.

काकांनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि गाठ सोडली. पिवळट कागदांची चवड होती, शाई जागोजागी फुटलेली, कडा कुरतडलेल्या. सगळ्यात वरचं एकच पान त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. बाकीची चवड पुन्हा झाकली.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. मी इथे बसणार. एक झालं की दुसरं. संध्याकाळी सगळं घेऊन घरी. उद्या पुन्हा येईन."

"पण ह्याला महिने लागतील."

"मग डबा घेऊन येईन."

भिंगीने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा पुसले. पानाला स्पर्श न करता तिने कॅमेरा त्याच्यावर आणला. बोटं इतकी थरथरत होती की पहिलं चित्र हललं. तिने ते काकांना दाखवलं आणि म्हणाली, "हे हललंय. पुन्हा काढते."

"काढ."

दुसरं नीट आलं. काकांनी पडद्यावर ओळ न् ओळ बोट फिरवून मूळ पानाशी ताडून पाहिली, आणि मगच मांडीवरच्या कापडाला हात घातला. पुढचं पान द्यायला त्यांनी बराच वेळ लावला. खाली रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, वाचनालयाच्या दारात बाबांचा आवाज आला, आणि तरी ते पान हातात धरून बसले होते. मग त्यांनी ते दिलं.